ओवीत घातलेला माणूस

माणदेशात बायका भांडायला लागल्या की आई-बापाचा उद्धार होतोच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण आमच्याकडं एक धमकी अशी होती, की ती ऐकली की धट्टाकट्टा बाप्याही गप घरात जाऊन बसायचा. "ओवीत घालीन तुला."

ते असं असायचं. कुणी बायकोला मारलं, तर शेजारणी त्याच्या दारात भांडायला जात नसत. पोलीसपाटलाकडं तर नाहीच, तो स्वतः मारकुटा. त्या सकाळी दळायला बसत आणि त्या बाप्याचं नाव घालून जात्यावर ओवी म्हणत. पाच घरची पाच जाती, ओवी एकच. त्याचे नियम होते. मार खाल्लेल्या बाईचं नाव घ्यायचं नाही, मारणाऱ्याचं चुकवायचं नाही. मार खाल्लेलीनं स्वतः तोंड उघडायचं नाही. आणि पाच जणींपेक्षा कमी असतील तर म्हणायची नाही. वाटेनं जाणारा ऐकायचा, पाव्हणा ऐकायचा, त्याच्या बहिणीला बघायला आलेली सोयरी माणसं ऐकायची. चार दिवसांत बापच पोराला गोठ्यात नेऊन समज द्यायचा.

कुरणवाडीची प्रभावती हे सगळं स्वतःच्या पाठीवरनं शिकली. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्यानं, भिवानं, तिला बाभळीच्या फोकानं सोलली होती. तेव्हा गल्लीनं म्हटलं:

भिवाच्या बांधाची गं, बाभळ कशानं वाकली
फोक काढून भिवानं, लेक लोकाची ठोकली

भिवाचा हात खाली बसला. अकरा महिने उठला नाही. मग गावात विजेवरची पिठाची गिरणी आली. बायका डोक्यावर पाट्या घेऊन गिरणीत जायला लागल्या, जाती कोपऱ्यात उभी राहिली, आणि भिवाचा हात पुन्हा उठला. पुढं तो दारूनं मेला. प्रभावती रडली नाही, आणि रडावं असं तिला कुणी सांगायलाही गेलं नाही. शिवणाच्या वर्गात ती ब्लाउज शिकली. नऊ वर्षांपूर्वी दुबईला आली, करामा नावाच्या वस्तीत, हव्वाबीच्या लेडीज टेलरिंगमध्ये.

हव्वाबी खेडकडची कोकणी मुसलमान. दुकान तिचं, लायसन तिचं, प्रभावतीचा व्हिसा तिच्या नावावर. दुकानात तिसरी फिझा, हैदराबादची, आरीच्या सुईनं कापडावर मणी-जर भरणारी. मधे एक पडदा, पडद्यामागं ट्रायल रूम, आणि भिंतीला तीन मशिनी. प्रभावतीला अहो-जाहो जमत नाही. मरीनाच्या श्रीमंत वस्तीतली मॅडम आली तरी म्हणणार, "हात वर कर गं." त्यावरनं हव्वाबी रोज तिची खरडपट्टी काढते.

"गिऱ्हाईक आहे गो ती, तुझी नणंद नाही."

"नणंद असती तर टेपानं गळा आवळला असता. गिऱ्हाईक हाय म्हनून छाती मोजती."

गेल्या वर्षी महिला दिनाच्या आधी शुभ्रा आली. पुण्याची, पस्तिशीची, मरीनाला तिसाव्या मजल्यावर राहणारी, बरोबर नऊ वर्षांची लेक दिया. शुभ्राचा नवरा सुजीत मोठ्या कंपनीत मॅनेजर आणि तिथल्या एका मराठी मंडळाचा सांस्कृतिक प्रमुख. मंडळानं कार्यक्रम ठरवला होता: 'बाईवरच्या हिंसेविरुद्ध कवितेची संध्याकाळ'. बारा बायका एकसारखे ब्लाउज घालून कविता म्हणणार, आणि प्रत्येकीच्या पाठीवर आरीनं कवितेची ओळ भरायची. ओळ सुजीतची स्वतःची. त्यानं ती व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली होती:

तू ज्वाला, तू धरती, तू दुर्गेची मूर्ती
तुझ्या पायी वाहतो मी शब्दांची आरती

फिझानं अक्षरं मोजली, काचमणी किती लागतील त्याचा अंदाज सांगितला. प्रभावती शुभ्राला घेऊन पडद्यामागं गेली.

"हात वर कर."

उजवा गेला. डावा खांद्याच्या वर जाईना.

"दुसरा बी."

"राहू दे, तेवढ्यातच घ्या."

प्रभावतीनं कुर्त्याची बाही सरकवली. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, हिरवट-पिवळी पडलेली, आणि त्याच्यावर ताजी जांभळी. मुंढ्याचं माप घेताना टेप लागला तरी शुभ्रानं श्वास आत ओढला.

"बाही केवढी ठेवू?"

उत्तर पडद्याबाहेरनं आलं. दिया फोनवर खेळत होती, मान वर न करता म्हणाली, "डॅड सेज़ लाँग स्लीव्ज़."

प्रभावतीनं वहीत लिहिलं, बाही मनगटापर्यंत. आणि त्या रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्या डोक्यात ओवी बसली होती.

इथं ती चुकली, आणि चूक तिचीच, दुसऱ्या कुणाची नाही. तीस वर्षांत नियम विसरली असं नव्हे. पण करामात जातं नाही, खिडक्या एसीपायी कायम बंद, बायका लिफ्टमध्ये भेटल्या तरी मोबाइलात बघतात. पाच घरं आणायची कुठनं? दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं ती ओवी मोबाइलमध्ये म्हटली आणि सुजीतच्या नंबरावर धाडून दिली:

चोळी बेतिते बाई मी, टेप धरिते खांद्याला
सुजीतरावाच्या बोटांची, मेंदी लागली दंडाला

उत्तर लगेच आलं, सभ्य मराठीत. 'प्रभावतीबाई, या देशात असं रेकॉर्डिंग पाठवणं हा गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत नसावं. दंड होतो आणि परत पाठवणी होते. शनिवारी चार वाजता सगळ्या जणी फायनल ट्रायलला येतील तेव्हा मी येईन. सगळ्यांसमोर माफी मागा. मी ती रेकॉर्ड करीन. नाहीतर रविवारी तक्रार.'

हव्वाबीनं तो मेसेज दोनदा वाचला.

"माफी माग. खलास. शब्दच आहेत, तोंडातनं काढायचे आणि थुंकून टाकायचे."

"आन् त्याचा हात?"

"त्याचा हात त्याच्या घरात. तुझं पोट माझ्या दुकानात."

दोन दिवसांनी शुभ्रा एकटीच आली. डाव्या हाताची करंगळी पट्टीत गुंडाळलेली. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझी वकिली करायला?"

प्रभावती कैची खाली ठेवून उभी राहिली.

"गाणं म्हणून मोकळ्या झालात तुम्ही. त्याला वाटलं मीच तुम्हाला सांगितलं. ही करंगळी तुमच्या गाण्याची आहे, त्याच्या रागाची नाही. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"चुकलं माजं. एकलीनं म्हनली म्या. ती एकलीनं म्हनायची नसती."

"अजून म्हणायचीच आहे तुम्हाला?" शुभ्रा हसली, ते हसू ऐकून फिझानं मान खाली घातली. "माझ्या व्हिसावर त्याचं नाव आहे. दियाच्या फीवर त्याचं नाव आहे. तुम्ही तुमची सुई चालवा, बाई. शनिवारी माफी मागा आणि माझं नाव तुमच्या तोंडात पुन्हा येऊ देऊ नका."

"नाव तुजं न्हाईच घेनार," प्रभावती म्हणाली. "त्याचं घेनार."

शुभ्रा दार आपटून गेली. हव्वाबी म्हणाली, "आता तरी?"

"आता तर म्हनायलाच पायजे. अर्धी म्हनली की बाईला मार बसतो. पुरी म्हनली की बाप्याला बसतो. पाच जनी लागत्यात."

"आणि आणशील कुठनं?"

"बारा ब्लाउज हायत."

शनिवारला पाच दिवस होते. कच्च्या फिटिंगला बायका एकेक करून येत होत्या. प्रभावती पडद्यामागं टेप लावता लावता एकेकीला ओवी म्हणून दाखवायची आणि विचारायची, म्हणशील का. बाईचं नाव सांगायची नाही. सांगायची गरजही नव्हती, नवऱ्याचं होतंच की ओवीत. हव्वाबी बाहेर कपाळाला हात लावून बसायची.

पहिलीनं मागच्या हुका लावता लावता सांगितलं, "हे त्यांचं पर्सनल आहे. आपण दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत."

"दंडाला दोनच बाजू अस्त्यात. दोन्ही काळ्या हायत."

दुसरी, सान्वी, नवीन लग्न झालेली, घाबरून पांढरी पडली. तिचा नवरा सुजीतच्या हाताखाली. "मावशी, प्लीज, मी ऐकलंच नाही असं समजा." तिसरी म्हणाली, ही काही कविता नाही, कवितेत असं सरळ नाव घेत नसतात. चौथीनं प्रभावतीकडून ओवी दोनदा म्हणवून घेतली, फार ऑथेंटिक आहे म्हणाली, आणि गेली. एक जण भडकली, "ब्लाउज शिवायला आलोय की पंचायतीला?" सातवीपर्यंत प्रभावतीच्या पदरात एकही पडली नव्हती.

आठवी प्रज्ञा. पन्नाशीची, जाडजूड, मंडळात तिला सगळे वचकून असत, कारण सुजीत ज्याच्या हाताखाली काम करायचा तो तिचा नवरा. ओवी ऐकून ती आरशात स्वतःच्या पाठीकडं बघत राहिली.

"ह्या कार्यक्रमाला मी माझी कविता दिली होती. अग्रेसिव्ह आहे म्हणून सुजीतनं काढली. आणि स्वतःचं हे चिकटवलं माझ्या पाठीवर."

"म्हनशील?"

"चाल सांगा."

हव्वाबी नंतर म्हणाली, ही बाई तर रागापोटी आली, शुभ्राच्या मायेनं नाही.

"राग असला तरी पीठ पडतंयच की," प्रभावती म्हणाली.

फिझाला मराठी येत नाही. ती आपल्या फ्रेमवर वाकून 'ज्वाला' शब्दात लाल मणी भरत होती. तिथनंच म्हणाली, "मतलब मत समझाओ खाला, सुर बताओ. मतलब हमको मालूम है."

म्हणजे तीन. बाकीच्यांनी मान हलवली नाही ती नाहीच.

हव्वाबीला वळवायचं काम शुक्रवारी सुजीतनं स्वतःच केलं. ब्लाउजांचे फोटो बघायला आला. कॉलर कडक, अत्तराचा वास, बोलणं गोड. निघताना म्हणाला, "हव्वाबी, तुमच्या माणसाला नीट समजावलंत ना? नाहीतर उगाच तुमच्या लायसनपर्यंत गोष्ट जायची. इतक्या वर्षांचं दुकान."

"इन्शाल्ला, सगळं नीट होईल," हव्वाबी म्हणाली. तो गेल्यावर तिनं काउंटर पुसला, त्याचा हात टेकला होता तेवढाच भाग, दोनदा.

"तेवीस वर्षं झाली मला ह्या दुकानात. नवरा सोडून गेला तेव्हा उघडलं. त्यानं लायसनचं नाव तोंडात घेतलं." फडकं तिनं बादलीत आपटलं. "काय गो ती तुझी ओवी? परत म्हण. मला पाठ व्हायला वेळ लागतो."

चार झाल्या. पाचवी नव्हती.

शनिवारी चार वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बारा बायका, बारा ब्लाउज, कुणी घातलेले, कुणी हातात. दोघी-तिघी पडद्यामागं. शुभ्रा कोपऱ्यात भिंतीला टेकून, मनगटापर्यंत बाह्या, चेहरा पाटीसारखा. सुजीत आला, सगळ्यांना नमस्कार केला, एकीच्या पाठीवरची स्वतःची ओळ मोठ्यानं वाचली. दोघी हसल्या.

"लेडीज, एक छोटीशी गोष्ट. प्रभावतीबाईंकडून एक गैरसमज झाला होता. मोठ्या मनानं त्या आज तो दूर करणार आहेत." त्यानं मोबाइल वर धरला. "बोला, बाई. चालू आहे."

प्रभावती मशिनीवर जाऊन बसली. सुईखाली कापड नव्हतं. तिनं पाय दाबला. मशिनीचा आवाज जात्यासारखा नाही, पण फिरतो तसाच, एका सुरात. हव्वाबीनं दुसरी मशीन सुरू केली. तिसरीवर फिझा बसली.

"हे काय चाललंय?" सुजीत म्हणाला.

प्रभावतीनं तोंड उघडलं.

चोळी बेतिते बाई मी, टेप धरिते खांद्याला
सुजीतरावाच्या बोटांची, मेंदी लागली दंडाला

दुसऱ्यांदा म्हणताना हव्वाबीचा घोगरा आवाज लागला, शब्द अर्धे कोकणी. फिझानं सूर धरला. प्रज्ञानं आरशासमोरनं वळून सुजीतकडं तोंड करून म्हटली, आणि 'सुजीतरावाच्या' वर नेमका जोर दिला. मग प्रभावतीनं दुसरी काढली:

काचेचं गं तुजं घर, उंच तिसावा मजला
सुजीतराव तुजा हात, खाली गल्लीला दिसला

बाकीच्या बायका कापडाचे ताके असावेत तशा उभ्या. प्रभावती म्हणत होती आणि मनात मोजत होती. चार. चारच. ओवी अर्ध्यात थांबली तर शुभ्राची आणखी चार बोटं मोडणार, हे तिला माहीत होतं. तिनं पहिली ओवी पुन्हा धरली.

आणि पडद्यामागनं आवाज आला. बारीक, कापरा, चाल चुकलेली, पण नाव नीट घेतलेला. पाचवा. पडदा हलला नाही. बाहेर कुणी दिसलं नाही. शुभ्राचे ओठ मिटलेले होते, सगळ्यांना दिसत होते, ती भिंतीला धरून उभी होती. म्हणजे ती नव्हे. नियम तिला न सांगताच पाळला गेला.

सुजीतनं मोबाइल खाली घेतला.

"चालू ठेव, सुजीत," प्रज्ञा म्हणाली. "झालं की मलाही पाठव. तक्रार देशील तेव्हा पाच जणींची नावं लागतील. माझं स्पेलिंग विचारून घे, कंपनीत नेहमी चुकतं."

 मग तो शुभ्राकडं वळला आणि त्याला कळलं की दुकानातल्या सगळ्या बायका, म्हणणाऱ्या आणि न म्हणणाऱ्या, त्याच्या हाताकडंच बघतायत. हात त्यानं खिशात घातला. "चल," म्हणाला शुभ्राला.

"तिचं फिटिंग राहिलंय," प्रभावती मशीन न थांबवता म्हणाली. "तू जा."

तो गेला.

कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन त्यानंच केलं, टाळ्या पडल्या, पुष्पगुच्छ मिळाला, फोटो ग्रुपवर आले. उगाच खोटं कशाला सांगायचं. पण रविवारी तक्रार झाली नाही, पुढच्या रविवारीही नाही. एका टेलरणीवर तक्रार देता येते. साहेबाच्या बायकोसकट पाच जणींवर द्यायची, तर पोलिसाला ओवीचा अर्थ कुणीतरी सांगावा लागणार, आणि तो सांगायला त्याच्याशिवाय दुसरं कोण होतं?

पाचवी कोण, ते प्रभावतीनं कधी विचारलं नाही. सान्वीनं मात्र तेव्हापासनं दुकान बदललेलं नाही.

शुभ्रानं आभार मानले नाहीत. ती अजून त्याच घरात आहे. तीन महिन्यांनी एका क्लिनिकमध्ये नोकरीला लागली, व्हिसा स्वतःच्या नावावर करून घेतला, एवढं हव्वाबीच्या कानावर आलं. पुढचं तिचं ती बघेल.

पण प्रभावतीच्या डोक्यातनं गिरणी जात नाही. अकरा महिने तिला तोंडपाठ आहेत. म्हणून तिनं ठरवून टाकलं: महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता तीन मशिनी रिकाम्या फिरवायच्या, पाच जणी जमवायच्या, दोन ओव्या म्हणायच्या. सुजीतनं काही केलं असो वा नसो. भिंतीवर टेलरचा खडू घेऊन ती दर महिन्याला एक रेघ ओढते.

सुरुवातीला बायका आल्या. मग प्रज्ञा दोनदा सुट्टीवर गेली. दहाव्या रेघेला तिनं मेसेज केला, 'आता पुरे ना, प्रभावतीबाई? तो सुधारलाय वाटतं.'

प्रभावतीनं व्हॉइस मेसेज धाडला, "गिरनी आली म्हना की तुमच्या गावात." प्रज्ञाला काही कळलं नसावं, पण शनिवारी ती आली.

अकरावी रेघ ह्या फेब्रुवारीत पडली. त्या दिवशी प्रभावती दुपारपासनं चिडलेली होती. फिझाच्या दोऱ्याला नाव ठेवलं, हव्वाबीच्या चहाला नाव ठेवलं. दोन्ही ओव्या चार-चार वेळा म्हणून घेतल्या. हव्वाबी म्हणाली, माझा घसा बसला तर दवाखान्याचं तुला लावीन.

सोमवारी शुभ्रा आली, दियाला घेऊन. हातात साधं सुती कापड.

"ब्लाउज. साधाच."

"चल आत, माप घिऊ."

"माप आहे की वहीत. मागच्या महिन्यातच घेतलंत. त्याच्या मागच्याही."

"वहीला काय कळतंय. हात वर कर."

शुभ्रानं तिच्याकडं रोखून बघितलं. मग उजवा वर केला. मग डावा. डावा कानाला लागला. प्रभावतीनं बाही सरकवली, दंड बघितला, उलटा करून बघितला, मान पुढं करून पाठीवरनं नजर फिरवली. मग टेप लावला.

"झालं बघून?" शुभ्रा म्हणाली.

"झालं. बाही केवढी?"

"कोपरापर्यंत."

प्रभावतीनं वहीत लिहिलं. "पुढल्या म्हैन्यात ये."

"काय शिवायचंय मला पुढच्या महिन्यात? कपाटात जागा नाही आता."

"काय बी आन. उशीचा अभ्रा आन. पन तूच ये."

शुभ्रानं कुर्ता नीट केला, पिशवी उचलली आणि दियाला घेऊन निघाली. दाराशी थांबून विचारलं, "किती तारखेला?"

"पहिल्या सोमवारी," प्रभावती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.